छतावरचं वाळवण आणि ताटातला मका



अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात 'एल चारो कॅफे' नावाची खानावळ आहे. मोनिका फ्लिन या बाईंनी ती १९२२ साली सुरू केली आणि आजही ती त्यांच्याच घराण्याकडे आहे. एकाच घराण्याने सलग चालवलेली अमेरिकेतली सर्वांत जुनी मेक्सिकन खानावळ आमची, असं ते अभिमानाने सांगतात. लेकीकडे गेले होते तेव्हा एका दुपारी आम्ही तिथे जेवलो.

त्यांची ख्याती कशाची, ते आधीच सांगून टाकते. 'कार्ने सेका', म्हणजे मसाला लावून उन्हात वाळवलेलं गोमांस. छतावर जाळीच्या पिंजऱ्यात ते टांगलेलं असतं. आपण गच्चीवर सांडगे घालतो, त्यांचं वाळवण हे. अशा छताखाली बसायचंच कशाला, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. माझ्या सासूबाई पायरीही चढल्या नसत्या. मला मात्र मोनिकाबाईंचं घर बघायचं होतं आणि त्या ताटात आपल्याला चालेल असं काय उरतं तेही.

बाईंचे वडील ज्यूल्स फ्लिन मूळ फ्रान्सचे पाथरवट, टूसॉनच्या कॅथीड्रलच्या दगडकामासाठी आलेले. त्यांनी बांधलेल्या दगडी घरातच आज खानावळ आहे. सुरुवातीला मात्र बाईंकडे भांडवलच नव्हतं. घरचे सांगतात, गिऱ्हाईक आलं की त्या ऑर्डर घ्यायच्या, मागच्या दाराने शेजारच्या वाण्याकडे धावायच्या, उधारीवर जिन्नस आणून रांधायच्या, वाढायच्या आणि आलेल्या पैशातून लगेच उधारी फेडायच्या. पापड-लोणच्यांवर घर उभं केलेल्या बायका आपल्यातही आहेत, त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको. दुसरी कथा 'चिमीचांगा'ची. हातातली गुंडाळलेली पोळी चुकून उकळत्या तेलात पडली, तोंडात शिवी आली, पण आसपास पोरं होती; म्हणून शिवी अर्ध्यावर गिळून भलताच शब्द बाहेर पडला आणि तोच पदार्थाचं नाव झाला. फिनिक्सचे लोक हा शोध आपलाच म्हणतात. मला टूसॉनचीच कथा खरी वाटते, कारण पोरांसमोर शब्द गिळणं हे बाईचंच काम.

आता ताट. अशा खानावळींत आपल्याला 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. शिजवून घोटलेल्या घेवड्यात परंपरेने डुकराची चरबी असते. मैद्याच्या मोठ्या टॉर्टियातही तीच. भात अनेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. चीजमध्ये रेनेट असू शकतं. घेवड्यावर आंबट क्रीम घातलं की द्विदळाचा प्रश्न उभा. निवडुंगाची भाजीही मिळते, पण आपल्या बत्तीस अनंतकायांत थोर आहे. तो थोर वेगळा, हा निवडुंग वेगळा, तरी मी हात लावला नाही. कांदा-लसणाचं तर बोलायलाच नको. विचारत विचारत शेवटी मक्याच्या टॉर्टिया, ॲव्होकाडो, मीठ आणि लिंबू एवढं ताट ठरलं. सूर्य डोक्यावर होता, तेवढी एक काळजी नव्हती.

गंमत म्हणजे ताटात उरलं तेच तिथलं सर्वांत जुनं अन्न होतं. टूसॉनच्या खोऱ्यात मका पिकतोय त्याला सुमारे चार हजार वर्षं झाली. या जुन्या शेतीच्या परंपरेमुळेच २०१५ साली युनेस्कोने शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, वाटून टॉर्टिया थापायच्या. त्यात तेलाचा थेंब लागत नाही. गहू आणि गुरं या भागात रुजवली ती १६८७ साली आलेल्या पाद्री किनो यांनी. डुकराची चरबीही स्पॅनिश लोकांबरोबरच आली. त्याआधीचे लोक शाकाहारी होते असं मुळीच नाही, ते हरणं-ससे मारत. पण त्यांच्या मका-घेवड्याला चरबी चिकटलेली नव्हती.

तिथले मूळ रहिवासी ओओधाम. वाळवंटात पावसाच्या एका-दोन सरींवर येणारा टेपरी नावाचा बारीक घेवडा त्यांचा. मेस्किट झाडाच्या शेंगा दळून ते पीठ करत. हे मेस्किट म्हणजे आपल्या मारवाडातल्या खेजडीचं भावंडच. तिच्याच कोवळ्या शेंगा वाळवून आपण सांगरी म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिला नदीकाठच्या ओओधामांचं पाणी वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी वळवलं. शेतं सुकली. मग सरकारी शिध्यातून मैदा, चरबी आणि साखर घरात आली. पुढे याच लोकांत मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वाधिक असल्याचं आढळलं. रक्त तेच, माती तीच, फक्त डबे बदलले. आपल्या सुना-लेकींपैकी किती जणींना आज केर-सांगरी निवडून, भिजवून करता येते, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

टूसॉनलगतच्या सान हावियर भागात ओओधामांची सहकारी शेती आहे. तिथे पुन्हा टेपरी पिकतो. लेकीने एक पिशवी मागवली. पांढरा दाणा गोडसर, तपकिरी जरा मातकट चवीचा. चौदसीला हिरवी भाजी नव्हतीच, म्हणून तोच केला. रात्री भिजवायचा नव्हता, म्हणून पहाटे गरम पाण्यात टाकला. कुकरमध्येही राजम्यापेक्षा जास्त वेळ घेतो, घाई करू नका. तुपात हिंग-जिऱ्याची फोडणी, वरून आमचूर आणि लाल तिखट. नातवाने दोनदा मागून घेतला.