श्रीरंगपट्टण : बेटावरची स्मारके आणि मराठी स्मृती

बेट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. जंजिरा, सिंधुदुर्ग, घारापुरी ही नावे आपल्या इतिहासात आणि सहलींतही रूढ झालेली आहेत. मात्र ज्या एका बेटासमोर मराठी फौजांनी पिढ्यान्‌पिढ्या तळ दिले, ते बेट समुद्रात नाही. ते कावेरीच्या पात्रात आहे. म्हैसूरच्या अलीकडे कावेरी दुभंगते, सुमारे पाच किलोमीटर लांबीचा भूभाग आपल्या दोन प्रवाहांत कवटाळते आणि पूर्वेच्या टोकाशी संगमावर पुन्हा एक होते. ह्या भूभागावर श्रीरंगपट्टण वसले आहे. देऊळ, मशीद, कोट, तुरुंग, दफनभूमी आणि वस्तुसंग्रहालय एवढ्या लहानशा जागेत एकमेकांना खेटून उभी असलेली स्थळे भारतात थोडी आहेत.

बेंगळूरच्या जयनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे बेट एका दिवसाच्या सहलीइतके जवळ आहे. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. जयनगर ही वसाहत १९४८ साली आखली गेली. तिचे नाव जयचामराज वडियार ह्यांच्या नावावरून पडले, आणि तेथील अशोकस्तंभाची कोनशिला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांनी बसविली. वसाहत नवी असली तरी तिच्या भोवतीची भूमी नवी नाही. उत्तरेला लागूनच लालबाग आहे. ती १७६० मध्ये हैदरअलीने आखावयास घेतली. बागेतल्या प्राचीन खडकावर केंपेगौडांच्या नावाने ओळखला जाणारा टेहळणीचा बुरूज उभा आहे. हा बुरूज आणि ही बाग ह्यांच्या मधल्या काळात बेंगळूरचा एक मराठी अध्याय होऊन गेला. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांकडे आले. त्यांच्या दरबारचे वर्णन करणारा जयराम पिंड्ये ह्यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे ह्यांनी संपादून प्रसिद्ध केला. त्या ग्रंथामुळे ह्या दक्षिणेकडील दरबाराची बहुभाषिक श्रीमंती महाराष्ट्राला कळली. पुढे १६८७ मध्ये मोगल सेनापती कासीमखानाने बेंगळूर घेतले आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या हाती गेले. तेव्हापासून मराठ्यांचा आणि म्हैसूरचा संबंध मुख्यतः रणांगणावरचा राहिला, आणि त्या रणांगणाचे केंद्र श्रीरंगपट्टण होते.

बेटावर पाऊल ठेवताच प्रथम दिसते ते रंगनाथस्वामींचे देऊळ. त्याचा उगम गंग राजांच्या काळापर्यंत, नवव्या शतकापर्यंत, नेला जातो. कावेरीच्या तीन रंगक्षेत्रांपैकी हे आदिरंग होय. मध्यरंग शिवनसमुद्रला आणि अंत्यरंग श्रीरंगमला. राजा वडियारांनी १६१० मध्ये विजयनगरच्या प्रतिनिधीकडून हे ठाणे घेतले आणि त्याच वर्षी येथे दसऱ्याचा राजोत्सव सुरू केला. म्हैसूरचा प्रख्यात दसरा मूळचा ह्या बेटावरचा आहे. देवळापासून थोड्या अंतरावर टिपू सुलतानाने १७८७ मध्ये पूर्ण केलेली, दोन उंच मिनारांची मशीद-ए-आला दिसते. सुलतानाच्या राजवाड्याचा मात्र चौथराच उरला आहे. लालमहाल १८०७ मध्ये पाडला गेला.

मराठी फौजा ह्या कोटासमोर किती वेळा आल्या, ह्याचा हिशेब मांडला तर बेटाचे दर्शन बदलून जाते. १७५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी येथे मोर्चे लावले आणि बत्तीस लाखांचा करार करून, काही रक्कम रोख व उरलेल्या रकमेसाठी तालुके तारण घेऊन ते परतले. माधवराव पेशव्यांनी हैदरावर मोहिमांमागून मोहिमा काढल्या. आजारामुळे त्यांना परतावे लागल्यावर त्र्यंबकराव पेठे ह्यांनी मार्च १७७१ मध्ये मेलकोट्याजवळच्या मोती तलावाच्या लढाईत हैदराची फौज उधळून लावली आणि श्रीरंगपट्टणाला वेढा घातला. मैदान मराठ्यांनी मारले, पण बेट पडले नाही. चपळ घोडदळाने मुलूख व्यापणे आणि नदीने वेढलेला तटबंद कोट फोडणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. दुसऱ्याला लागणारा जड तोफखाना आणि सुरुंगांची विद्या ह्यांत आपण उणे होतो. कावेरीच्या पुराने वर्षातले काही महिने वेढ्याला आपोआप बंदी असे.

ह्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण १७९१ चे आहे. लॉर्ड कॉर्नवॉलिसने मार्चमध्ये बेंगळूरचा किल्ला घेतला आणि मेमध्ये तो श्रीरंगपट्टणासमोर पोहोचला. पण पाऊस लागला, रसद तुटली, बैल मेले. शेवटी वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्या हातांनी नष्ट करून त्याला माघार घ्यावी लागली. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांच्या फौजा जवळ येऊन ठेपल्या आहेत, ही बातमीही त्याला लागली नव्हती, कारण टिपूच्या स्वारांनी जासूद अडविले होते. महिन्याच्या अखेरीस माघारीच्या वाटेवर अचानक मराठे भेटले, तेव्हा उपाशी इंग्रजी सैन्य मराठी लष्करी बाजारावर जगले. ह्या बाजाराचे वर्णन इंग्रज इतिहासकारांनी विस्मयाने केले आहे. धान्यापासून शालींपर्यंत सर्व काही मिळणारे, लष्कराबरोबर चालणारे ते एक गावच होते. चढे भाव घेतल्याची तक्रारही त्यांनी नोंदविली आहे. पुढे फेब्रुवारी १७९२ मधील रात्रीच्या हल्ल्यानंतर टिपूला तह करावा लागला. निम्मे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि दोन कोवळे पुत्र ओलीस, अशा त्याच्या अटी होत्या. मराठ्यांची सरहद्द तुंगभद्रेपर्यंत आली.

एवढा सहभाग असूनही बेटावर ह्याचा दगड नाही. १९०७ मध्ये म्हैसूर सरकारने उभारलेल्या स्तंभावर १७९९ च्या वेढ्यातील पलटणी आणि पडलेले अधिकारी कोरलेले आहेत. जेथे इंग्रज कैदी ठेवले ती तळघरे त्यांच्या नावांनी ओळखली जातात. युरोपियनांच्या दफनभूमीत इंग्रजांच्या चाकरीतील स्विस पलटणीच्या माणसांचीही थडगी आहेत. टिपू जेथे पडला ती जागा पाटी लावून राखली आहे. सुमारे हजार टन वजनाचे त्याचे एक दारूगोळ्याचे कोठार २०१७ मध्ये रेल्वेचा दुहेरी मार्ग टाकताना पाडण्याऐवजी अखंड उचलून बाजूला नेण्यात आले. स्मृती जपण्याची अशी चिंता स्तुत्य आहे. मराठ्यांची स्मृती येथे नाही ह्याला कारण म्हणजे ते येथे आले ते खंडणी आणि तह घेऊन परत जाण्यासाठी. थडगी, पूल किंवा शिलालेख मागे ठेवण्याइतके ते राहिले नाहीत. त्यांचे स्मारक कागदावर झाले. वासुदेवशास्त्री खरे ह्यांनी मिरजेत बसून पटवर्धनांच्या दप्तरातून जो ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला, त्याच्या पानांत ह्या स्वाऱ्यांचा दाणागोटा, कर्ज, पाऊस आणि रुसवेफुगवे जिवंत आहेत. ज्याला बेटावरचे मराठे पाहावयाचे असतील, त्याने हे खंड वाचून मग कावेरी ओलांडावी.

अपवाद एकच, आणि तो शत्रूच्या भिंतीवर आहे. कोटाबाहेर, नदीकाठी, बागेच्या मधोमध दर्या दौलत हा टिपूने १७८४ मध्ये बांधलेला सागवानी महाल आहे. भारतीय पुरातत्त्व विभागाने त्यात वस्तुसंग्रहालय मांडले आहे. नाणी, शस्त्रे, जुनी मुद्रणचित्रे आणि थॉमस हिकीने रेखाटलेले टिपूचे पुत्र तेथे पाहावयास मिळतात. पण खरे संग्रहालय म्हणजे महालाच्या भिंतीच. पश्चिमेच्या भिंतीवर हैदर आणि टिपू ह्यांची मिरवणूक आणि १७८० ची पोल्लिलूरची लढाई आहे. चौकोनी रचनेत कोंडलेले इंग्रज, मध्ये पालखीत जखमी कर्नल बेली, आणि उशिरा पोहोचणारा निजाम, असे हे चित्र म्हणजे जेत्याचा निःसंकोच उपहास आहे. पूर्वेच्या भिंतीवर त्या काळच्या राजेरजवाड्यांचे दरबार ओळीने मांडले आहेत. तंजावरचा राजा, मागडीचे केंपेगौडा, चित्रदुर्गचा मदकरी नायक ह्यांच्या पंक्तीत बाळाजीराव पेशव्यांचा म्हणून ओळखला जाणारा दरबारही आहे. ज्या पुण्याशी आयुष्यभर झुंज दिली त्याला सुलतानाच्या महालात जागा मिळावी, ह्यात त्या काळच्या राजनीतीचे मर्म आहे. शत्रू हाही आपल्या जगाचा भाग होता. त्याला वगळून जगाचे चित्र पुरे होत नव्हते.

ही चित्रे आज दिसतात ती मूळची नाहीत, हेही ध्यानात ठेवावयास हवे. १७९२ च्या वेढ्यापूर्वी टिपूने त्यांवर चुना फिरविला. १७९९ नंतर ह्या महालात राहणाऱ्या आर्थर वेलस्लीने ती पुन्हा रंगवून घेतली, आणि पुन्हा खराब झाल्यावर १८५५ मध्ये डलहौसीच्या आज्ञेने ती नव्याने रंगविली गेली. इंग्रजांच्या पराभवाचे चित्र इंग्रजांनीच दोनदा राखले. हैदर व टिपू जेथे चिरविश्रांती घेत आहेत त्या घुमटाचे हस्तिदंती नक्षीचे दरवाजेही डलहौसीचीच भेट होय. विजय निर्विवाद झाल्यावर जेत्याला उदार होणे परवडते. संग्रहालयांच्या जन्माचे एक रहस्य येथे सापडते.

ज्याने चित्रे राखली त्या वेलस्लीची पुढची वाटचाल मराठी वाचकाने विसरू नये. ४ मे १७९९ ला बेट पडले त्या वेढ्यात मराठे नव्हते, आणि नंतर देऊ केलेला मुलूख अटींमुळे पुण्याने घेतला नाही. बेटाच्या तुरुंगातून त्या गोंधळात सुटलेला चन्नगिरीचा धोंडजी वाघ मराठ्यांना आणि इंग्रजांना सारखाच डोईजड झाला. जून १८०० मध्ये त्याने धोंडोपंत गोखल्यांना ठार केले, आणि सप्टेंबरमध्ये वेलस्लीने त्याला कोणगल येथे गाठून मारले. ह्या पाठलागात वेलस्ली दख्खनच्या नद्या, बैल आणि रसद ह्यांचे गणित शिकला. १७९१ मध्ये ज्या रसदेअभावी कॉर्नवॉलिस हरला होता, तीच आता म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांच्या बळावर चालू लागली. १८०३ मध्ये तो ह्याच राज्यातून उत्तरेकडे निघाला, एप्रिलमध्ये पुण्यात शिरला, आणि २३ सप्टेंबरला असईच्या मैदानावर शिंद्यांची कवायती फौज मोडली. दर्या दौलतीच्या ओसरीवरून पुण्याकडे जाणारी ही वाट सहलीच्या नकाशात नसते. टिपू दुर्बळ व्हावा पण नष्ट होऊ नये, असे पुणे दरबाराचे धोरण होते. ते किती दूरदर्शी होते आणि किती अपुरे पडले, हे ह्या वाटेवर उमगते.

स्मृतीचा प्रामाणिकपणा मात्र आपल्या दुःखापुरता पुरत नाही. टिपूने १७८५ मध्ये नरगुंद घेऊन तेथील भावे घराण्याची जी दुर्दशा केली, आणि कोडगू व मलबारातील लोकांवर जे गुदरले, ते झाकून ठेवता येणार नाही. तसेच १७९१ मध्ये पटवर्धनांच्या सैन्याबरोबरच्या लमाण-पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, शारदेची मूर्ती हलली, आणि मठाच्या पुनःस्थापनेसाठी पैसा व धान्य धाडले ते टिपूने, हेही झाकता येणार नाही. म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार ह्यांना १९१६ मध्ये मठात टिपूची कन्नड पत्रे सापडली, तेव्हा हे प्रकरण जगापुढे आले. धर्माच्या एकाच मापाने अठरावे शतक मोजू पाहणाऱ्यास ही पत्रे अडचणीची वाटतात. म्हणूनच ती वाचावयास हवीत.

बेटावरून निघताना दिवाण पूर्णय्यांनी १८०४ मध्ये बांधलेला दगडी पूल पाहावा. देशस्थ माध्व घराण्यातले पूर्णय्या हैदर, टिपू आणि वडियार ह्या तिघांच्या राज्यांचे कारभारी होते. पुलाला त्यांनी गव्हर्नर जनरल वेलस्लीचे नाव दिले, आणि उतारवयात ते ह्याच बेटावर येऊन राहिले. १८१२ मध्ये ते निवर्तले. राज्ये उलटली तरी हिशेब, पाणी आणि रस्ते चालू ठेवणारी अशी माणसे प्रत्येक काळात असतात; त्यांच्यासाठी कोणी घुमट बांधीत नाही. जवळच रंगनतिट्टूच्या लहान बेटांवर पक्ष्यांची वीण भरते. सतराव्या शतकात कंठीरव नरसराजाने कावेरीवर घातलेल्या बंधाऱ्यामुळे ती बेटे तयार झाली, आणि सलीम अलींच्या आग्रहाने १९४० मध्ये ती संरक्षित झाली. ज्या राजाच्या कारकिर्दीत विजापूरची फौज ह्या कोटावरून परतविली गेली, त्याचे सर्वांत जिवंत स्मारक आज बगळ्यांनी आणि चित्रबलाकांनी भरलेले आहे.

स्थलदर्शन म्हणजे दिसते तेवढे पाहणे असा समज रूढ आहे. श्रीरंगपट्टणात तो तोकडा पडतो. येथे जे कोरले गेले ते पाहावे, जे पुसून पुन्हा रंगविले गेले ते ओळखावे, आणि जे कोरलेच गेले नाही ते मिरजेच्या दप्तरातून आणि शृंगेरीच्या पत्रांतून आपल्या मनाने त्या जागी ठेवावे. मराठी प्रवाशाला ह्या बेटावर आपला विजय शोधता येईल, अपमानही शोधता येईल. दोन्ही तेथे आहेत, आणि दोन्ही सोबत घेऊन परतणे हेच इतिहासाचे ऋण फेडणे होय.