बुळकांडी : एका विषाणूचा उदय, डाव आणि अस्त

मराठी शेतकरी ज्या रोगाला बुळकांडी म्हणत असे, त्याबद्दल दोन गोष्टी गोठ्यात फार पूर्वीपासून ठाऊक होत्या. गुरे आठवडा-दोन आठवड्यांत मरतात, ही एक. जे जनावर वाचते त्याला हा रोग पुन्हा होत नाही, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा उपयोग शास्त्राने प्रथम केला आणि तिचे कारण मागाहून शोधले. बुळकांडीच्या इतिहासाकडे पाहताना हा क्रम ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

हिंदुस्थानातील गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८८९ मध्ये, पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि अल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख झाले. दाट वस्तीत असे रोगबीज बाळगणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. नेमक्या याच दशकात हा रोग आफ्रिकेत पसरला. इथिओपियापासून दक्षिण टोकापर्यंत गुरांचे कळप नाहीसे झाले आणि इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. तेथील तो अनर्थ आजही इतिहासकारांच्या चर्चेचा विषय आहे.

रोगाचे कारण मात्र अज्ञात होते. ते १९०२ मध्ये इस्तंबूल येथे उलगडले. फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस निकोल आणि उस्मानी पशुवैद्य आदिल बे यांनी दाखवून दिले की जीवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतून हे रोगबीज पार होते. पाश्चात्त्य ग्रंथांत आदिल बे यांचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो, ही खेदाची बाब आहे.

मुक्तेश्वरला तोवर रोगी जनावराचे रक्त आणि प्रतिरक्त एकाच वेळी टोचण्याची पद्धत रूढ झाली होती. ती जोखमीची होती, कारण रक्ताबरोबर दुसरे रोगही शिरत. १९२० च्या दशकात तेथे जे. टी. एडवर्ड्स यांनी विषाणू एका बकरीतून दुसऱ्या बकरीत असा पुनःपुन्हा टोचत नेला. विषाणूला बकरीची सवय झाली आणि मैदानी देशी गुरांपुरता तो सौम्य झाला. डोंगरी व विदेशी वंशाच्या गुरांना मात्र ही लस जड जाई. काही जनावरांच्या रक्तात दबून असलेले गोचीडजन्य परजीवी लस टोचल्यावर उसळून येत. विषाणू जनावराची संरक्षणव्यवस्थाच दुबळी करतो, याची ही ठळक खूण होती. परंतु त्या काळी तिचा उलगडा करण्याची साधने नव्हती.

पुढे केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लाऊराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये विषाणू सुमारे ९० वेळा वाढवून सर्व जातींच्या गुरांना चालणारी लस १९६० च्या सुमारास तयार केली.

कारणमीमांसा त्यानंतर चाळीस वर्षांनी आली. जपानी संशोधकांनी २००० मध्ये गोवराच्या आणि २००१ मध्ये बुळकांडीच्या विषाणूबाबत सिद्ध केले की तो ‘स्लॅम’ नावाच्या प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो. हे प्रथिन संरक्षक पांढऱ्या पेशींवरच असते. म्हणजे चोराने चौकीदारालाच प्रथम गाठावे, तसे हे झाले. शिवाय पेशी संकटात सापडल्यावर इंटरफेरॉनचा जो इशारा देते, तो निष्फळ करणारी प्रथिनेही या विषाणूजवळ असल्याचे इंग्लंडमधील संशोधनातून २००६ मध्ये दिसून आले. मात्र त्याचे बाह्य रूप फारसे बदलत नाही. म्हणून वाचलेल्या जनावराची स्मृती जन्मभर पुरते आणि एकच लस सर्वत्र चालते.

तोवर रोग जवळजवळ संपला होता. भारतात १९५४ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये नोंदला गेला. जगातील शेवटचा रुग्ण २००१ मध्ये केनियात आढळला आणि २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त घोषित झाले. मानवाच्या देवीनंतर निर्मूलन झालेला हा दुसरा रोग होय.

लाळ्या-खुरकुतीची तुलना येथे उद्बोधक ठरते. लोफ्लर आणि फ्रॉश यांनी तिचे रोगबीज गाळणीतून पार होते हे १८९८ मध्येच, म्हणजे बुळकांडीच्या आधी, सिद्ध केले होते. हा विषाणूही पेशीचे प्रथिननिर्मितीचे यंत्र मोडून इशारा दाबून टाकतो. परंतु त्याचे सात प्रकार आहेत, एका प्रकाराची लस दुसऱ्याला चालत नाही आणि लसीचा प्रभावही अल्पकाळ टिकतो. त्यामुळे भारतात २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या रोगाची लस वर्षातून दोनदा टोचण्याची योजना करावी लागली.