प्लेगानें काढविलेले रस्ते

मुंबईंत मरीन लाइन्सच्या बाजूनें जुन्या वस्तींत शिरणारा प्रिन्सेस स्ट्रीट व चौपाटीकडून डोंगरीकडे जाणारा सँढर्स्ट रोड हे दोन रस्ते आज शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग या नांवांनीं ओळखले जातात. ते मूळचेच असावेत असें त्यांवरून जाणाऱ्यास वाटतें. परंतु एका महामारीच्या भयानें, सार्वजनिक पैशानें आणि हजारों गरिबांचीं बिऱ्हाडें उठवून ते काढले गेले आहेत. ही हकीकत थोडक्यांत सांगावी आणि तिच्या अनुषंगानें नगरसुधारणेच्या एका जुन्या प्रश्नाचा विचार करावा, एवढाच आमचा हेतु आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांतील रोग हा गांठीचा प्लेग आहे असें निदान डॉ. आकासिओ व्हिएगस यांनीं केलें. पुढील कांहीं महिन्यांत लोक गांवोगांव पळाले, गिरण्यांना मजूर मिळेनात, व्यापार बसला. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. ती १९०१ मध्यें ७,७६,००६ वर आली. प्लेगाचे जंतु १८९४ मध्येंच हाँगकाँग येथें सांपडले होते. पण उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ यांनीं १८९८ मध्यें मांडली, आणि ती सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं. तोंपर्यंत अंधाऱ्या, ओलसर, कोंदट खोल्यांतच रोग वास करतो, हीच अधिकाऱ्यांची समजूत होती. तेव्हां औषध उघडच होतें : वस्ती फोडावी, आणि समुद्राचा वारा आंत घ्यावा.

या समजुतींतून, लॉर्ड सँढर्स्ट गव्हर्नर असतां, १८९८ च्या कायद्यानें मुंबईचा सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. नवे रस्ते काढणें, दाट वस्त्या मोकळ्या करणें, समुद्र हटवून जमीन मिळविणें, गरिबांसाठीं आरोग्यकारक चाळी बांधणें, अशीं कामें त्याजकडे सोंपविलीं गेलीं. सरकारनें व म्युनिसिपालिटीनें आपल्या मोकळ्या जमिनी त्याच्या हवालीं केल्या. शिवाय म्युनिसिपालिटीची वार्षिक वर्गणी आणि कर्जरोखे यांचा आधार होता. म्हणजे अखेरीस हा भार करदात्यांच्याच माथीं होता.

आतां या व्यवहारांतील मर्म पाहूं. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें मालकास बाजारभाव आणि त्यावर शेंकडा १५ जादा मिळत असे. घराचा बाजारभाव पुष्कळदां त्याच्या भाड्यावरून ठरे. ज्यानें एकेका खोलींत दहा-दहा माणसें कोंबलीं, त्याचें भाडें अधिक आणि म्हणून त्याची भरपाईही अधिक! जी गर्दी मोडण्यासाठीं हा खटाटोप, त्या गर्दीचेंच मोल लोकांच्या पैशांतून मालकाच्या पदरांत पडे. भाडेकरूचें काय? त्यास बहुधा बिऱ्हाड उचलण्याची नोटीस तेवढी मिळे. ट्रस्टनें चाळी बांधल्या हें खरें. परंतु पहिल्या दहा वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानानें बांधलेल्या फारच थोड्या होत्या. उठविलेलीं माणसें पोटाचा धंदा सोडून दूर कोठें जाणार? गोदीचा हमाल गोदीजवळच राहणार. तीं शेजारच्या गल्लींत शिरलीं, आणि एका ठिकाणची दाटी उठून दुसऱ्या ठिकाणीं बसली.

ट्रस्टच्या चालकांना हें कळलेंच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. पुढें अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनीं उजेड आणि हवा यांचा एक नियमच मांडला. समोरच्या मोकळ्या जागेच्या टोंकापासून इमारतीच्या माथ्यापर्यंतची रेषा साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक उभी नसावी; म्हणजे साधारणतः जेवढी मोकळी जागा, तिच्या दुपटीहून घर उंच नसावें. त्याचबरोबर ट्रस्टची दृष्टि उत्तरेकडे वळली. दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथें आंखीव रस्त्यांच्या वसाहती उठल्या. दादरची हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी या त्याच योजनांचें फळ. परंतु तेथें मुख्यतः मध्यम वर्ग गेला.

याच सुमारास, १९१४ मध्यें, पॅट्रिक गेडीस हिंदुस्थानांत आले, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठांत नागरिकशास्त्र व समाजशास्त्र यांचे पहिले प्राध्यापक झाले. शहर आधीं पायीं हिंडून पाहावें, मोडकीं घरें तेवढीं काढावीं, बाकीच्यांची डागडुजी करावी, आड आलेली भिंत मागें घ्यावी, म्हणजे थोड्या खर्चांत गल्लीही मोकळी होते आणि शेजारही मोडत नाहीं, असें त्यांचें सांगणें होतें. शस्त्रक्रिया करावी, पण रोगी जगेल अशी करावी.

ट्रस्टचीं दोन्हीं रूपें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांत एकत्र दिसतात. परळच्या ट्रस्ट-चाळींतील दोन खोल्यांत त्यांनीं कित्येक वर्षें काढलीं. पुढें हिंदु कॉलनींत त्यांनीं ‘राजगृह’ बांधलें. चाळ आणि वसाहत, दोन्हीं एकाच संस्थेचीं. परंतु चाळीपासून वसाहतीपर्यंतचें तें अंतर तोडून जाणें किती चाळकऱ्यांना साधलें असेल?

१९३३ मध्यें ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला. त्याचे रस्ते आजही शहराचा भार वाहत आहेत, हें उपकार नाकारण्याचें कारण नाहीं. पण ज्या चाळी त्यानें बांधल्या, त्यांतील अनेक आतां जीर्ण झाल्या असून त्यांच्याच पुनर्विकासाचा प्रश्न उभा आहे. नकाशे पुन्हा पसरले जातील, अंदाजपत्रकें पुन्हा होतील. अशा वेळीं रस्ता किती रुंद झाला एवढेंच विचारून भागणार नाहीं. ज्याचें बिऱ्हाड उठलें, तो सायंकाळीं कोठें परतला, हेंही विचारलें पाहिजे. सुधारणेचा खर्च सर्वांनीं दिला असेल तर तिच्या हिशेबाच्या वहींत त्याचेंही नांव असावें, एवढीच आमची मागणी आहे.