तेल मोकळं आणलं, पण डबा?

शेलच्या पंपावरचा शिंपला हा मूळचा दुकानातला माल. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ईस्ट एंडमध्ये मार्कस सॅम्युअल नावाचे व्यापारी पूर्वेकडून आलेले शिंपले विकत. शिंपले चिकटवलेल्या त्यांच्या छोट्या पेट्यांना हवापालटाला समुद्रकाठी जाणाऱ्या इंग्रज मंडळींत चांगली मागणी होती. तेलात पडला तो त्यांचा मुलगा. त्याचंही नाव मार्कसच.

१८९० मध्ये हा मुलगा काळ्या समुद्राकडे गेला. बाकूचं रॉकेल तिथल्या बाटुमी बंदरातून बाहेर पडे. पूर्वेच्या बाजारात मात्र अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलची सद्दी होती. त्यांचं रॉकेल पत्र्याच्या डब्यांत, दोन-दोन डबे एका खोक्यात, असं रचून यायचं. म्हणजे तेलाबरोबर पत्र्यालाही भाडं आणि लाकडालाही. मार्कसने जहाजाच्या पोटातच टाक्या करून तेल मोकळं न्यायचं ठरवलं. पण आगीच्या भीतीने सुएझ कालव्यात अशा जहाजांना मज्जाव होता. कालवा कंपनीच्या अटींत बसणारं जहाज त्याने बांधून घेतलं. हे ‘म्युरेक्स’ ऑगस्ट १८९२ मध्ये कालवा पार करून गेलं. म्युरेक्स ही समुद्री गोगलगाय. मागून आलेल्या जहाजांनाही शंख-शिंपल्यांचीच नावं. तेल उतरलं की टाक्या वाफेने धुवायच्या आणि परतीला दुसरा माल भरायचा. पक्का व्यापारी!

तरीही तेल खपेना. गिऱ्हाईक आपलं भांडं घेऊन येईल, हा हिशेब साफ चुकला होता. लोकांना तेलाइतकाच स्टँडर्डचा निळा डबा हवा होता, कारण त्या पत्र्यातून छपरं, कंदील, पेले असं काय काय निघायचं. मग सॅम्युअलांनी पूर्वेच्या बंदरांत पत्रा धाडून तिथेच डबे बनवले, लाल रंगाचे. अर्ध्या जगाचा प्रवास करून पोचे पडलेल्या निळ्या डब्यापुढे हा कोरा करकरीत लाल डबा लगेच उचलला जाई. माझ्या मते बाजार जिंकला तो या डब्याने. जहाजाने फक्त भाव उतरवला.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे. १८९७ मध्ये ‘शेल’ नावाची कंपनी निघाली, १९०७ मध्ये तिने डच प्रतिस्पर्ध्याशी ६०-४० असा घरोबा केला, साठ डचांचे. आपल्याकडे १९२८ मध्ये बर्मा-शेल आली. तिची माहुलची रिफायनरी १९५५ मध्ये सुरू झाली आणि १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. आजची भारत पेट्रोलियम ती हीच.