कॉलर टाइट होते तीच, धरली जाते तीही तीच! कुठून आला हा शब्द?

दहावीचा निकाल लागला की गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. "पोरीनं गावाची कॉलर टाइट केली!" आता पोरीच्या ड्रेसला कॉलर नसते आणि गावाला तर नसतेच नसते, तरी अर्थ सगळ्यांना कळतो. दोन दिवसांनी त्याच ग्रुपवर बातमी येते, "ग्रामसभेत राडा, ग्रामसेवकाची कॉलर धरली." चार बोटांची कापडाची पट्टी, पण माणसाचा मान तिच्यावर आणि अपमानही तिच्यावरच.

हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आले कसे, ते बघू.

लॅटिन भाषेत मानेला कोलम म्हणायचे. मानेभोवती जे घालायचं ते कोलारे. तिथून शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि पुढं इंग्रजीत कॉलर झाला. म्हणजे शर्टाची कॉलर ही फार नंतरची गोष्ट. प्राचीन रोममध्ये गुलामांच्या गळ्यात घातलेली लोखंडी कडी सापडली आहेत. त्यातल्या काहींवर मजकूर कोरलाय, त्याचा अर्थ असा की मी पळून आलोय, मला धरा आणि मालकाकडं पोचवा. थोडक्यात, कॉलर आधीपासूनच धरण्यासाठी होती. ताठ व्हायला ती खूप उशिरा शिकली.

आपल्याकडं गळपट्टी असा शब्द होता, पण बाराबंदी, बंडी, कुडतं या कपड्यांना पकडण्यासारखं गळ्यापाशी काही नसायचं. म्हणून जुन्या मराठीत भांडणारा माणूस समोरच्याची गचांडी धरतो, मानगूट पकडतो, नाहीतर बखोट धरून बाहेर काढतो. शर्ट अंगात आला आणि हाताला कॉलर सापडली. गचांडी अजून गेलेली नाही, पण बातमीत हल्ली कॉलरच असते.

जाता जाता एक कामाची गोष्ट. "नुसती कॉलर तर धरली, मारलं कुठं?" हे कोर्टात चालेलच असं नाही. दुखापत करण्यासाठी, घाबरवण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी कुणाला जाणूनबुजून असं धरणं हे कायद्याच्या भाषेत गुन्हेगारी बळ वापरणं ठरू शकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम १३१ आहे. समोरच्यानं अचानक आणि गंभीर चिथावणी दिलेली नसेल, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉलर ड्युटीवरच्या सरकारी कर्मचाऱ्याची असेल तर कलम १३२ लागू शकतं आणि कैद दोन वर्षांपर्यंत जाते. लोकांच्या तोंडी अजून जुन्या कायद्यातला ३५३ हा आकडाच आहे, तो हाच.

आता कॉलर टाइट का असते? कारण शिंपी तिच्या आत बकरम घालतो. कडक कापड असतं ते, त्यानं कॉलर उभी राहते. पण मानेला घासून, घाम पिऊन शर्टात सगळ्यात आधी मरते तीच. पूर्वी घरोघरी यावर एक उपाय होता. कॉलर उसवायची, उलटी करून पुन्हा शिवायची. अजून वर्षभर शर्ट चालायचा. कॉलरखाली रुमाल घालून हिंडणारे काका, मामा आठवत असतील तर त्यामागचं कारणही हेच.

हीच कटकट तिकडं अमेरिकेतही होती. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावात हॅना माँटेग्यू नावाची बाई राहायची. सांगतात असं, की १८२७ च्या सुमारास नवऱ्याचा अख्खा शर्ट केवळ मळक्या कॉलरीपायी धुवायचा तिला कंटाळा आला. तिनं कात्री घेतली, कॉलर कापली, धुतली आणि परत जोडली. शर्टापासून सुटी होणारी कॉलर अशी निघाली आणि तिचा एवढा मोठा धंदा झाला की ट्रॉयला कॉलर सिटी हेच नाव पडलं.

पण ही कॉलर पांढरीशुभ्र आणि कडक करायची कुणी? बायकांनी. उकळतं पाणी, खळ, तापलेल्या इस्त्र्या आणि बारा-चौदा तासांचा दिवस. १८६४ मध्ये केट मुलानी या तरुण आयरिश बाईनं तिथल्या धुलाईच्या कारखान्यांत संप केला. तीनशेच्या आसपास बायका कामावरून उठल्या. आठवड्याच्या आत मालक नमले आणि मजुरी पंचवीस टक्क्यांनी वाढवावी लागली. म्हणजे साहेबाची कॉलर ताठ ठेवणाऱ्यांनी एकदा स्वतःचीही ताठ करून दाखवली होती.

पुढं विसाव्या शतकात टेबलावर काम करणारा तो व्हाइट कॉलर आणि मशीनवर काम करणारा ब्लू कॉलर अशी विभागणी रूढ झाली. कारण सरळ आहे. निळ्या कापडावर मळ दिसत नाही, आणि पांढरी कॉलर दिवसभर पांढरी राहते याचाच अर्थ हाताला काळं लागत नाही. नर्स, टायपिस्ट अशा बायकांच्या मानल्या गेलेल्या नोकऱ्यांना पिंक कॉलर म्हणायची पद्धत १९७० च्या दशकात आली. ग्रीन कॉलर वगैरे रंग त्यानंतरचे.

मराठीला मात्र हा शब्द उसना घ्यायची गरज नव्हती. पांढरपेशा हा शब्द आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आज आपण तो नोकरदार मध्यमवर्गासाठी सहज वापरतो, पण त्याचा जुना अर्थ इतका साधा नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणात पांढरपेशा आणि कुळंबी ही महसुलाच्या व्यवहारातली विभागणी होती. पांढरपेशे म्हणजे मुख्यतः वरच्या जातींचे लोक, आणि काही भागांत त्यांना जमिनीचा सारा सवलतीच्या दरानं बसायचा. नांगर धरणाऱ्यानं जास्त भरायचं! व्हाइट कॉलर म्हटलं की नोकरी कळते. पांढरपेशा म्हटलं की त्या काळी जातही कळायची. म्हणून या दोन शब्दांना एकमेकांचं भाषांतर म्हणताना जरा जपून.

पांढरी कॉलर म्हणजे सभ्य माणूस, या समजाला धक्का दिला एडविन सदरलँड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं. १९३९ च्या एका भाषणात त्यांनी व्हाइट कॉलर क्राइम हा शब्द मांडला. प्रतिष्ठित माणसं आपल्या पदाचा वापर करून जे गुन्हे करतात, ते. दहा वर्षांनी त्यांचं पुस्तक आलं, तेव्हा प्रकाशकानं खटल्याच्या भीतीनं त्यातली कंपन्यांची नावं काढायला लावली. नावांसकट पुस्तक छापून यायला १९८३ उजाडलं. तोवर सदरलँड जाऊन तेहतीस वर्षं झाली होती.

बाकी कॉलर उडवणं, उभी करणं हे वेगळंच खातं. नव्वदच्या दशकात अझरुद्दीनची उभी कॉलर बघून पोरं मैदानात उतरायची. आज कॉलर उडवण्याचा विषय निघाला की साताऱ्याच्या उदयनराजेंचं नाव येतंच.

आणि मोबाइलवरची कॉलर ट्यून? तिचा गळ्याशी काही संबंध नाही. ती कॉल करणाऱ्याची कॉलर. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार दोन्ही वेगळे आहेत, देवनागरीत दोघी एक झाल्या. त्यामुळं २०२० मध्ये फोन लावला की खोकणारी कॉलर आणि शिंप्याकडची कॉलर आपण सारखीच लिहितो.

कुत्र्याच्या गळ्यात असतो तो मात्र आपल्याकडं पट्टाच. वाघाच्या गळ्यात गेला की त्याची रेडिओ कॉलर होते. मध्य प्रदेशातल्या पेंचमधल्या एका वाघिणीला २००८ मध्ये अशी कॉलर लावली आणि तिचं नावच कॉलरवाली पडलं. आठ वेतांत एकोणतीस बछडे देऊन ती जानेवारी २०२२ मध्ये गेली. आपल्या यवतमाळच्या टिपेश्वरमधला एक तरुण वाघ २०१९ मध्ये कॉलर घेऊन निघाला आणि शेतं, रस्ते, गावांच्या कडेकडेनं सुमारे तीन हजार किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तो कुठून कुठं गेला हे कॉलरमुळंच कळलं. एप्रिल २०२० मध्ये ती काढली, तेव्हा बॅटरी संपत आली होती.