बैलगाडीतून आलेलं पेट्रोल

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एक एंजिनाचं लहानसं विमान निघालं. आत टपालाच्या थैल्या आणि चालवायला एकटे जे. आर. डी. टाटा, वय अठ्ठावीस. वाटेत अहमदाबादला उतरले ते पेट्रोल भरायला. ते पेट्रोल बर्मा शेल कंपनीने चार-चार गॅलनच्या डब्यांतून पाठवलं होतं, आणि डबे आले होते बैलगाडीतून! मग डबे उपसून टाकी भरली आणि दुपारी दोनच्या आत विमान मुंबईला जुहूच्या मैदानावर टेकलं. पुढचं टपाल घेऊन नेव्हिल व्हिंटसेंट हे त्यांचे सहकारी बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. आपल्या देशातल्या विमान कंपनीची सुरुवात ही अशी झाली.

ही गोष्ट आठवायचं कारण घरचंच आहे. अमेरिकेत ओहायोला असलेल्या माझ्या पुतण्याने तिघा मित्रांबरोबर एक जुनं विमान विकत घेतलं आहे. चौघांत एक. बातमी आल्यापासून आमच्या नातेवाइकांत दोन पक्ष पडले. एक म्हणतो, केवढा श्रीमंत झाला हो! दुसरा म्हणतो, जिवाशी खेळ आहे, त्याला कुणीतरी समजवा. समजवायचं काम वडीलधारा म्हणून माझ्याकडे आलं. मी शाळेत इतिहास शिकवला, विमान नाही. म्हणून आधी थोडं वाचलं, त्याला फोनवर बरंच विचारलं, आणि आता दोन्ही पक्षांसाठी हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट श्रीमंतीची. स्वतःचं विमान ही राजेरजवाड्यांची चैन होती हे खरं, पण १९२५ साली डी हॅविलंड या इंग्रज कंपनीने 'मॉथ' नावाचं विमान काढलं आणि चित्र पालटलं. लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं, लुकण दिलेलं कापड. पंख मागे दुमडता यायचे, म्हणजे एखाद्या मोठ्या गोठ्यातसुद्धा विमान राहिलं असतं. या मॉथमुळे ठिकठिकाणी फ्लाइंग क्लब निघाले. आपल्याकडे १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब जुहूला सुरू झाला आणि जे.आर.डी. तिथेच शिकले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना मिळालेल्या परवान्यावर क्रमांक होता एक. विमानाचं वेड मात्र लहानपणचं. फ्रान्समध्ये हार्देलो नावाच्या समुद्रकाठच्या गावी त्यांच्या कुटुंबाचं घर होतं, आणि ब्लेरिओ (इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा तोच) त्यांचा शेजारी. त्याचं विमान किनाऱ्याच्या वाळूवर उतरायचं. आमच्या हरिहरेश्वरच्या पुळणीवर असं एखादं विमान उतरलं असतं तर माझ्या वर्गातली किती पोरं पुन्हा वर्गात आली असती, सांगता येत नाही.

आता जिवाशी खेळाची गोष्ट. १९३० साली आगाखानांनी बक्षीस लावलं: इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास महिन्याभरात एकट्याने करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंड. तिघे उतरले. मनमोहन सिंग, जे.आर.डी. आणि अवघ्या सतरा वर्षांचा ॲस्पी इंजिनीयर. जे.आर.डी. कराचीहून इंग्लंडकडे निघाले, ॲस्पी इंग्लंडहून इकडे. मे महिन्यात इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. ॲस्पी अडकून पडला होता, कारण त्याच्या एंजिनाचे स्पार्क प्लग बिघडले होते आणि जवळ जादा नव्हते. जे.आर.डीं.नी आपल्याकडचे दिले. ॲस्पीने बदल्यात आपलं जीवरक्षक जाकीट दिलं. मनमोहन सिंगांचा महिना वाटेतच उलटला होता. जे.आर.डी. इंग्लंडला पोचले, पण ॲस्पी काही तासांनी आधी कराचीत उतरला होता. बक्षीस त्याला. पुढे तो हवाई दलात गेला आणि १९६० ते १९६४ हवाई दलाचा प्रमुख होता.

ही गोष्ट सगळे खिलाडूपणाची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. मला मात्र तो प्लग जास्त महत्त्वाचा वाटतो. मॉथच्या एंजिनाला सिलिंडर चार आणि प्लग आठ, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दोन. ठिणगी देणारी मॅग्नेटो नावाची यंत्रंही दोन, एकमेकांपासून अगदी स्वतंत्र. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर एंजिन चालत राहतं. मोटार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते, आकाशाला कड नाही. पुतण्या म्हणतो, "काका, आमचं एंजिनही तसंच आहे. उडण्याआधी मी एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो. एंजिनाचे फेरे थोडे कमी व्हायला हवेत. ठरल्यापेक्षा जास्त कमी झाले, तर विमान परत जागेवर." शंभर वर्षांत एवढं जग बदललं, हे बदललेलं नाही.

त्याचं विमान सेसना १७२ आहे, १९७० च्या दशकातलं. हे मॉडेल १९५६ पासून विकलं जातंय आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून जास्त बनली आहेत. जगात कुठल्याच विमानाची एवढी संख्या नाही. पन्नास वर्षांचं विमान म्हटल्यावर आमच्या वहिनी घाबरल्या, पण विमानाचं वय निराळ्या रीतीने मोजतात. दर बारा महिन्यांनी परवानाधारक तंत्रज्ञ ते उघडून आतून बाहेरून तपासतो. त्याने सही केली नाही तर ते विमान म्हणजे अंगणात ठेवलेली शोभेची वस्तू. एंजिन किती तास चाललं याची वहीत नोंद असते, साधारण दोन हजार तासांनी ते पूर्ण खोलून नवं करायचं. उड्डाणाआधी दर वेळी पंखांखालच्या झडपेतून थोडं पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून बघायचं. पेट्रोलचा रंग फिका निळा. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर तो जाईपर्यंत काढत राहायचं. आमच्याकडे खाऱ्या हवेने वर्षात पत्रा सडतो आणि खिडकीचे गज दरसाल रंगवावे लागतात. त्यामुळे हे सगळं मला काही फार परकं वाटलं नाही. खर्चाचं विचाराल, तर विमान घेण्यापेक्षा ते ठेवणं महाग. म्हणूनच चौघे.

पण यंत्र चोख असून पुरत नाही. जे.आर.डी. उडाले त्याच सुमारास, १९३० ते १९३३ या काळात, काही पस मॉथ विमानांचे पंख हवेतच मोडले आणि माणसं गेली. चौकशी झाली, पंखांच्या आधाराच्या दांड्यात दोष सापडला, तो सुधारला. यंत्रातला दोष असा शोधून काढता येतो. माणसाच्या घाईचं काय करायचं?

जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठची सखल जमीन. पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा, मग टाटांचं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं. रेडिओ नाही, मार्ग दाखवणारी यंत्रं नाहीत, समोर ढगात बुडालेला सह्याद्री. तरी पहिल्या वर्षात त्यांनी १,६०,००० मैल उड्डाण केलं आणि साठ हजार रुपये नफाही मिळवला. हे नुसत्या धाडसाने झालं असतं असं मला वाटत नाही. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात वीस वैमानिकांवर एक प्रयोग झाला. उपकरणांवर विसंबून उडण्याचं शिक्षण नसलेले हे लोक, त्यांना बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था केली. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटं नाहीत! ढगात शिरल्यावर कानाच्या आतला तोल खोटं सांगायला लागतो, विमान कललेलं असतं आणि माणसाला ते सरळ वाटतं. ३० सप्टेंबर २००१ ला माधवराव शिंदे यांचं विमान उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ कोसळलं, तेव्हाही हवा वाईट होती.

आमच्याकडे प्रदक्षिणेची वाट आहे, डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या उतरून खडकांवरून समुद्राच्या कडेने जाणारी. ओहोटीला लहान मूलही जाऊन येतं. भरतीला तिथे जाऊ नये हे गावातला प्रत्येक माणूस सांगतो, फलकही आहे. तरी दुरून आलेला माणूस म्हणतो, एवढ्या लांब आलोय, आजच परतायचंय, पटकन जाऊन येतो. त्यात जीव गेले आहेत. कोळी मात्र नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालत नाही, आणि त्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

मागच्या वर्षी तिकडेच दुसऱ्या गावी आमच्या भाचीच्या मुलाची मुंज होती. पुतण्या विमानाने यायचा होता, सगळे वाट बघत होते, पोरांना विमानात बसायचं होतं. सकाळी त्याचा फोन आला, ढग खाली आहेत, आज उडत नाही, गाडीने निघतो. पोचेपर्यंत मुंज लागून गेली होती. "विमान असून उशीर!" म्हणून त्याची भरपूर थट्टा झाली, अजून होते. मला विचाराल तर ज्या पक्षाला काळजी वाटते त्याने तो फोन आठवावा. मी त्याला काही समजावलं नाही. फक्त सांगितलं की पुन्हा असा फोन करायची वेळ आली तर पहिला मला कर, थट्टेचं मी बघून घेईन.

आपल्याकडे अजून हा छंद फार थोड्यांचा आहे. त्या निळ्या पेट्रोलची मोजकी ठिकाणं, मोजक्या धावपट्ट्या आणि कागदांचा ढीग. कांदिवलीला चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते २०१६ मध्ये मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, पण त्याची नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्याही झाल्या. विमान बांधणं कठीण की परवानगी मिळवणं, हे त्यांनाच विचारायला हवं.

आणि जे.आर.डी.? १९६२ मध्ये तीस वर्षं झाली म्हणून ते पुन्हा कराचीहून मुंबईला तसंच लहान विमान घेऊन आले. १५ ऑक्टोबर १९८२ ला पन्नास वर्षं झाली, तेव्हा परत निघाले. विमान लेपर्ड मॉथ, एकच एंजिन, वय अठ्ठ्याहत्तर, आणि बरोबर कुणी नाही. माझ्यापेक्षा मोठेच होते तेव्हा ते. उतरले जुहूलाच.