मोहाला मुरायला अवधी कोणी दिला?

जुन्या तांबड्या वाइनचे मोल दोन गोष्टींवर ठरते: ती कोणत्या जमिनीतून आली आणि किती वर्षे मुरली. द्राक्षाच्या सालीतली तुरट द्रव्ये बाटलीत वर्षानुवर्षे एकमेकांना जोडली जातात, गाळ होऊन तळाशी बसतात आणि चव मऊ होते. फ्रान्समध्ये बोर्दोच्या मळ्यांची प्रतवारी १८५५ मध्ये झाली. पण मद्य त्याच्या मुलखावरून ओळखण्याची रीत काही फ्रान्सची मिरासदारी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षाच्या मद्याला त्याच्या प्रदेशावरून कापिशायन आणि हारहूरक अशी नावे दिली आहेत. चरकसंहितेत आसवांच्या यादीत फुलांपासून केलेली आसवे आहेत, आणि मोहाच्या फुलांचे मधूकासव तर औषध म्हणून सांगितले आहे. यवतमाळ जिल्ह्यात द्राक्षाची परंपरा नाही, मोहाची आहे. तरीही इथल्या मोहाला ना गावाचे नाव मिळाले, ना वय. हा दोष झाडाचा किंवा गाळणाऱ्या हातांचा नाही, तो दीडशे वर्षांच्या अबकारी कायद्याचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी जमीन पाहू. जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्टच्या काळ्या मातीचा आणि मुरमाड टेकड्यांचा आहे, पण पूर्वेला वणीकडे गेले की चुनखडी आणि कोळशाचे थर लागतात. म्हणजे पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या मधल्या मुलखात एकच झाड अगदी वेगवेगळ्या भुईवर उभे असते. फूल येते मार्च-एप्रिलमध्ये, झाडाची पाने झडलेली असताना. ते रात्री फुलते आणि पहाटे टपटप खाली पडते. उन्हे चढायच्या आत ते वेचायचे असते, कारण मांसल पाकळ्यांत साखर ठासून भरलेली असते आणि उशीर झाला की फूल तिथेच आंबू लागते. मग ते अंगणात वाळवतात, ओले फिके पिवळे फूल सुकून मनुक्यासारखे तपकिरी होते. पुढे सडवा घालून काही दिवस आंबवायचा, मडके चुलीवर चढवायचे, वाफ नळीवाटे थंड भांड्यात उतरवायची. पहिली धार कोणती आणि कुठे थांबायचे, हे वासावरून कळणाऱ्या बायका गोंड आणि कोलामांच्या पोडांवर होत्या. जन्म, लग्न, मरण, देवाचे कार्य, यांतले काहीच मोहाच्या धारेवाचून होत नसे. इतके बारकावे ज्या कामात आहेत, त्यात गावागणिक फरक पडणारच. पण तो जिभेपर्यंत पोचायला फूल वेगळे ठेवावे लागते, आणि व्यापाऱ्याच्या पोत्यात दहा गावांची फुले एकत्र होतात.

इंग्रजी अमलात घरची धार सरकारच्या महसुलाआड येऊ लागली. आज यवतमाळ म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख तेव्हा वणी जिल्हा म्हणून वऱ्हाडात होता. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क मक्तेदाराकडे गेला, की घरच्या चुलीवरचे मडके आपोआप गुन्हा ठरते. मुंबई इलाख्यात सरकारने यापुढचे पाऊल टाकले: १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे नुसती फुले जवळ बाळगण्यावरच बंधन आले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा दारूबंदी कायदाही त्याच्यामागून आला. मोहफुलांवरचे हे निर्बंध महाराष्ट्र सरकारने सैल केले ते २०२१ मध्ये. या सगळ्याचा चवीवर काय परिणाम झाला? आज रात्री धाड पडू शकते असे ज्याला वाटते, तो माल दहा वर्षे मुरवत ठेवत नाही. साठा हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा असतो. त्याला घाई असते, म्हणून सडव्यात नवसागर आणि काळा गूळ जातो, पहिली धार आणि शेवटची धार एकाच कॅनमध्ये ओतली जाते. ही बदनाम हातभट्टी कायद्यानेच घडवली.

गाळलेले मद्य बाटलीत वाइनसारखे मुरत नाही, त्यामुळे ही तुलनाच गैर, असे कोणी म्हणेल. बाटलीत ते फारसे बदलत नाही हे खरे, पण लाकडी पिंपात बदलते, आणि पिंप ठेवायला कायदेशीर कोठार लागते. मोह जात्याच हलक्या प्रतीचा, या दुसऱ्या आक्षेपाला गोवा उत्तर देतो. काजू तिथे पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, म्हणजे झाड परके आणि भट्टी गावठीच. मात्र गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिला. त्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाशिकच्या वाइनलाही २००१ च्या राज्य धोरणाचा हात होता. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून जागा दिली. तिथले बैतूल आणि छिंदवाडा १९५६ पर्यंत विदर्भासह एकाच प्रांतात होते.

सर्वांत जड आक्षेप मात्र चवीचा नाही. या जिल्ह्यात दारूने संसार उद्ध्वस्त केले आहेत, बायका वर्षानुवर्षे बंदी मागत आहेत, आणि शेजारी वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बाईसमोर वारशाची भाषा बोलणे मला निर्दयपणाचे वाटते. तिचा राग रास्त आहे. पण तिच्या घरात शिरते ती बहुधा दुकानातली, मळीच्या स्पिरिटची देशी दारू किंवा नवसागराची भट्टी. सणाला देवापुढे ठेवलेली धार नव्हे. कायद्याने पहिली परवान्याने विकली, दुसरी चोरून विकू दिली आणि तिसरी मारली. म्हणून मोहाची भट्टी वाढवा असे मी म्हणत नाही. निर्णय कोणी करायचा, एवढेच माझे म्हणणे आहे. मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी तालुक्यांतली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे लागू असलेल्या १९९६ च्या पेसा कायद्यात गौण वनोपजाची मालकी आणि मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा अधिकार हे दोन्ही एकाच कलमात ग्रामसभा आणि पंचायतींकडे सोपवण्यास सांगितले आहे.